दर्यावर्दी कादंबरीकार जोसेफ कॉन्रॅड

मनुष्यास पहिली भाषा आईच्या मांडीवर मिळते. दुसरी मात्र त्यास कष्टाने कमवावी लागते. आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास हा अनुभव आहे. इंग्रजी व्याकरणाचे नियम घोकता घोकता पुष्कळांचे धैर्य खचते, आणि परक्या भाषेत आपणांस चार ओळी तरी शुद्ध लिहिता येतील काय, अशी शंका मनास ग्रासू लागते. अशा वेळी ज्याचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे, असा एक थोर ग्रंथकार युरोपात होऊन गेला. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्यास इंग्रजी जवळजवळ येतच नव्हते. पोलिश ही त्याची मातृभाषा, फ्रेंच ही दुसरी, आणि इंग्रजी ही तिसरी. असे असूनही इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात त्याचे नाव आज पहिल्या रांगेत घेतले जाते. त्याचे नाव जोसेफ कॉन्रॅड.

कॉन्रॅडचे मूळ नाव यूझेफ तेओदोर कोन्राद कोर्झेनिओव्स्की असे होते. त्याचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बेर्दिचेव्ह या गावी झाला. हे गाव आज युक्रेन देशात आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात मोडत असे. पोलंड हे राष्ट्र तेव्हा नकाशावर उरलेच नव्हते. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य सत्तांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे लचके तोडून ते आपापसांत वाटून घेतले होते. देश गेला तरी देशाभिमान गेला नव्हता. कॉन्रॅडचा पिता अपोलो हा सरदार घराण्यातील कवी होता. शेक्सपिअर, व्हिक्टर ह्यूगो इत्यादिकांचे ग्रंथ तो पोलिश भाषेत उतरवीत असे, आणि त्याच वेळी स्वदेशाच्या स्वातंत्र्यासाठी गुप्तपणे खटपटही करीत असे. या खटपटीबद्दल १८६१ साली वॉर्सा येथे रशियन सरकारने त्यास पकडले व पुढील वर्षी हद्दपार करून मॉस्कोच्या उत्तरेकडील व्होलोग्डा या अतिशय थंड प्रदेशात धाडले. पतिपरायण एवाने आपल्या चार वर्षांच्या मुलासह त्याच्याबरोबर तो वनवास पत्करला.

या वनवासाने कुटुंबाचा बळी घेतला. थंडी, आबाळ आणि चिंता यांनी आईची प्रकृती ढासळली, व क्षयाच्या विकाराने १८६५ साली तिचे निधन झाले. तेव्हा मुलगा अवघा सात वर्षांचा होता. पुढे बापलेक दोघेच उरले. शाळा नाही, सवंगडी नाहीत. आजारी व खिन्न पिता, आणि ग्रंथांची कपाटे! मुलाने वाचनातच आपले जग शोधले. पित्याने केलेले शेक्सपिअरच्या एका नाटकाचे भाषांतर त्याने हस्तलिखितातच वाचून काढले, आणि ह्यूगोच्या समुद्रावरील कादंबरीचे पोलिश भाषांतर तो पित्यास मोठ्याने वाचून दाखवीत असे. ज्याने समुद्र डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याच्या अंतःकरणात समुद्राने या रीतीने प्रथम प्रवेश केला. १८६९ साली क्राकोव्ह येथे पिताही निवर्तला. देशभक्त कवीच्या अंत्ययात्रेस हजारो लोक लोटले, आणि त्या मूक समुदायाच्या अग्रभागी अकरा वर्षांचा पोरका मुलगा चालत होता. मातृभूमीवरील प्रेमाची किंमत काय असते, हे त्यास इतक्या कोवळ्या वयात कळले.

मातापित्यांच्या पश्चात त्याचा सांभाळ त्याचा मामा तादेउश बोब्रोव्स्की याने केला. हा मामा व्यवहारदक्ष, काटेकोर, परंतु अत्यंत ममताळू गृहस्थ होता. भाच्याने शिकून स्थिरस्थावर व्हावे, ही त्याची इच्छा. पण भाच्याने मात्र एकच ध्यास घेतला, तो म्हणजे खलाशी होण्याचा. ज्या देशास स्वतःचे सरकार नाही, अशा देशातील सरदारपुत्राने खलाशी व्हावे, ही कल्पना आप्तेष्टांस वेडगळ वाटली. तथापि तिच्यामागे एक कारणही होते. तो रशियाचा प्रजाजन व राजद्रोह्याचा पुत्र असल्यामुळे रशियन लष्करातील दीर्घकाळच्या सक्तीच्या चाकरीचे संकट त्याच्या डोक्यावर टांगलेले होते. अखेरीस मामाने संमती दिली, आणि १८७४ च्या ऑक्टोबर महिन्यात, सतरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, तो क्राकोव्हहून आगगाडीने फ्रान्समधील मार्सेय बंदराकडे निघाला.

फ्रेंच जहाजांवरून त्याने वेस्ट इंडिज बेटांपर्यंत सफरी केल्या. पण तरुण वय, हाती मामाचा पैसा आणि शिस्त लावणारे कोणी नाही. अशा स्थितीत तो कर्जात बुडाला. त्यातच रशियन वकिलातीच्या परवान्यावाचून फ्रेंच जहाजावर चाकरी करण्याची त्यास मनाई झाली. तो हताश झाला असता मामा लांबचा प्रवास करून धावून आला, त्याचे देणे फेडले व त्यास पुन्हा उभे केले. दुसऱ्या एखाद्याने त्या अपयशानंतर घरची वाट धरली असती. याने मात्र एका इंग्रज आगबोटीवर जागा मिळविली, आणि जून १८७८ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट बंदरात पाय ठेवला. त्या देशात त्याचे ओळखीचे कोणी नव्हते, आणि तेथील भाषेतील फारच थोडे शब्द त्यास ठाऊक होते.

येथून पुढील सोळा वर्षे कॉन्रॅडने इंग्रजी व्यापारी जहाजांवर काढली. कोळसा वाहणाऱ्या किनाऱ्यावरील गलबतावर तो साधा खलाशी म्हणून राबला. सोबतीचे खलाशी हेच त्याचे इंग्रजीचे पहिले शिक्षक, आणि फावल्या वेळी वाचलेले ग्रंथ ही त्याची शाळा. जहाजावरील अधिकारी होण्यासाठी सरकारी परीक्षा द्याव्या लागत, व त्या अर्थातच इंग्रजीत असत. १८८० साली तो सेकंड मेटची परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे फर्स्ट मेटच्या परीक्षेत तो पहिल्या खेपेस नापास झाला. काही दिवसांतच तो पुन्हा बसला व डिसेंबर १८८४ मध्ये उत्तीर्ण झाला. कप्तानाच्या परीक्षेतही पहिल्या खेपेस अपयशच पदरी आले. पण १८८६ च्या नोव्हेंबरात तीही परीक्षा त्याने सर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला होता. परीक्षेत एकदा अपयश आले म्हणजे आयुष्य संपले असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्याहून अधिक हवालदिल होणाऱ्या पालकांनीही, या दोन नापासांची आठवण ठेवावी.

समुद्राने त्यास नाना प्रकारचे धडे दिले. १८८१ साली तो ‘पॅलेस्टाइन’ नावाच्या जुनाट जहाजावर चढला. कोळसा घेऊन बँकॉकला जाणारे हे जहाज वादळाने इतके खिळखिळे झाले की दुरुस्तीसाठी ते कित्येक महिने इंग्लंडच्याच एका बंदरात अडकून पडले. शेवटी ते निघाले. पण मार्च १८८३ मध्ये सुमात्राच्या किनाऱ्याजवळ पोटातील कोळशाने पेट घेऊन स्फोट झाला, व खलाशांस लहान होड्यांतून जीव वाचवावा लागला. पुढे ‘यूथ’ या कथेत त्याने हा प्रसंग अमर करून ठेवला.

याच प्रवासी आयुष्यात त्याचा आपल्या मुंबईशीही संबंध आला. १८८४ साली मद्रास येथे कप्तानाशी बेबनाव होऊन त्याने आपले जहाज सोडले व आगगाडीने तो मुंबईस आला. खलाशांच्या विश्रामगृहाच्या ओटीवर बसला असता बंदरात येणारे एक देखणे शिडाचे जहाज त्याच्या दृष्टीस पडले व त्याचे मन त्याजवर जडले, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. कुलाब्याच्या तोंडाशी असलेल्या त्या विश्रामगृहाच्या इमारतीत पुढे महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आले. त्या जहाजाचे नाव ‘नार्सिसस’. त्याजवर सेकंड मेटची जागा मिळवून जूनच्या आरंभी कॉन्रॅडने मुंबई बंदर सोडले, व आफ्रिकेस वळसा घालून सुमारे साडेचार महिन्यांनी तो फ्रान्समधील डंकर्क बंदरास लागला. या सफरीत एक खलाशी वाटेतच मरण पावला. मरणोन्मुख सोबत्याच्या सान्निध्यात माणसे कशी वागतात, कोण दया करतो, कोण भितो, कोण कर्तव्य चुकवितो, हे त्याने निरखून पाहिले. या जहाजाचे नाव शीर्षकात असलेली त्याची कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ मुंबईच्याच बंदरात होतो.

१८८८ च्या आरंभी बँकॉक येथे ‘ओटॅगो’ या जहाजाचे कप्तानपद त्यास मिळाले. समुद्रावर स्वतःच्या अधिकाराखाली चालविलेले हे त्याचे एकमेव जहाज. वय तीस, माणसे तापाने फणफणलेली, आणि सयामच्या आखातात वाऱ्याचा मागमूस नाही! सिंगापूर गाठावयास तीन आठवडे लागले. जबाबदारीचे ओझे खांद्यावर पडताच तारुण्याची निर्धास्त अवस्था कशी संपते, हे त्याने पुढे ‘द शॅडो-लाइन’ या कादंबरीत रंगविले, आणि १९१७ साली, महायुद्ध चालू असता, ते पुस्तक रणांगणावर गेलेल्या आपल्या ज्येष्ठ पुत्रास व त्याच्या पिढीस अर्पण केले.

त्याच्या मनावर सर्वांत खोल जखम केली ती आफ्रिकेतील काँगोने. १८९० साली तो काँगो नदीवरील आगबोटीवर चाकरीस गेला. तो विस्तीर्ण प्रदेश त्या वेळी बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी मालमत्ता होता. सुधारणा व परोपकार यांचा डांगोरा पिटला जात होता. प्रत्यक्षात हस्तिदंतासाठी, आणि पुढे रबरासाठी, तेथील जनतेस निर्दयपणे राबविले व मारले जात होते. कॉन्रॅड ताप व अतिसाराने मरणाच्या दारातून परत आला. त्याची प्रकृती पुढे कधीच पूर्ववत झाली नाही. १८९९ साली ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या दीर्घकथेत त्याने या लुटीवरील बुरखा दूर केला. त्या कथेतील आफ्रिकी माणसांस स्वतःचा आवाज नाही, त्यांचे चित्रण त्यांच्या माणुसकीवर अन्याय करणारे आहे, असा कडक आक्षेप नायजेरियाचे थोर कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली घेतला. तेव्हापासून या पुस्तकाविषयी वाद चालू आहे. मोठ्या लेखकाची दृष्टीही आपल्या काळाच्या कुंपणापलीकडे सर्वत्र पोहोचत नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवणे उचित होय.

लेखनाचा आरंभ त्याने १८८९ साली लंडनमध्ये, जहाजावर जागा मिळण्याची वाट पाहत असता केला. बोर्निओत भेटलेल्या एका डच व्यापाऱ्यावरून सुचलेली ती कथा, ‘ऑलमेयर्स फॉली’. तिचे हस्तलिखित पाच वर्षे त्याच्या पेटीतून जगभर हिंडले. काँगोच्या प्रवासात तर ते नदीत जाता जाता वाचले. ‘टॉरेन्स’ जहाजावरील एका आजारी तरुण उतारूने ते प्रथम वाचले व पुरे करण्याजोगे आहे असा अभिप्राय दिला. याच जहाजावर १८९३ साली जॉन गॉल्सवर्दी हा उतारू त्यास भेटला व जन्माचा स्नेही झाला; गॉल्सवर्दीस पुढे १९३२ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. १८९४ च्या जानेवारीत कॉन्रॅड अखेरचा जहाजावरून उतरला, आणि पुढच्याच महिन्यात त्याचा पितृतुल्य मामा वारला. १८९५ साली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ती त्याने मामाच्या स्मृतीस अर्पण केली. मुखपृष्ठावर ‘जोसेफ कॉन्रॅड’ हे सुटसुटीत नाव प्रथमच झळकले.

पुढील वर्षी जेसी जॉर्ज या इंग्रज तरुणीशी त्याचा विवाह झाला. त्यांस दोन मुलगे झाले. पण लेखकाचा संसार सुखाचा नव्हता. इंग्रजी वाक्य त्याच्या लेखणीतून सहजी उतरत नसे. एकेक पान लिहिणे म्हणजे खडक फोडण्याइतके कष्टाचे काम होई. संधिवाताने हात सुजत, आणि पुस्तके विद्वानांस आवडली तरी खपत नसत. १८९९ च्या आरंभी ‘टेल्स ऑफ अनरेस्ट’ या कथासंग्रहास ‘अ‍ॅकॅडमी’ या नियतकालिकाचे पन्नास गिनींचे पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या मानाइतकाच त्या पैशाचाही त्यास आधार वाटला असल्यास नवल नाही. १९०२ साली टेबलावरील दिवा भडकून एका कथेचा तयार भाग जळून खाक झाला. छापखाना तर थांबावयास तयार नव्हता. त्याने तो सर्व भाग पुन्हा लिहून दिला. १९०४ साली पत्नी पडून गुडघ्यांनी अधू झाली. त्याच वर्षी ‘नोस्ट्रोमो’ ही विशाल कादंबरी बाहेर आली. तीही फारशी खपली नाही. १९०५ मध्ये सरकारने त्यास पाचशे पौंडांचे साहाय्य केले, व १९१० पासून सालीना शंभर पौंडांचे पेन्शन दिले. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण या काळातील कॉन्रॅडइतकी थोड्यांनाच लागू पडेल.

त्याहूनही तीव्र असा एक घाव स्वदेशाकडून आला. १८९९ साली पोलंडमधील प्रख्यात लेखिका एलिझा ओझेश्कोवा हिने त्याजवर उघड आरोप केला की, गरीब व पीडित मातृभूमीस सोडून त्याने आपली प्रतिभा पैशासाठी परक्या भाषेस विकली. हा आरोप त्यास आयुष्यभर सलत राहिला. ज्याच्या मातापित्यांनी देशासाठी देह ठेवला, त्याने देश सोडून जावे हा द्रोह होय काय? याच सुमारास तो ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहीत होता. तिचे बीज खऱ्या घटनेत आहे. १८८० साली सिंगापूरहून नऊशेहून अधिक यात्रेकरूंस घेऊन मक्केच्या वाटेवर निघालेले ‘जेद्दा’ जहाज बुडणार असे समजून कप्तान व अधिकारी होडीतून पळाले. जहाज मात्र बुडाले नाही व यात्रेकरू सुखरूप एडनला पोहोचले. कॉन्रॅडचा नायक जिम हा असाच एका क्षणी उडी मारतो, आणि त्या एका उडीचे प्रायश्चित्त जन्मभर घेत राहतो. आपले कर्तव्य सोडून निघून गेलेल्या माणसास पुन्हा ताठ मानेने जगता येईल काय, हा प्रश्न जिमचा आहे. तोच प्रश्न लेखकानेही स्वतःस विचारला असावा, असे अनेक अभ्यासकांस वाटते.

त्याचे उत्तर त्याने वादविवादाने दिले नाही. ‘अंडर वेस्टर्न आइज’ या १९११ सालच्या कादंबरीत रशियन जुलुमाचे चित्र रेखाटता रेखाटता तो इतका व्याकुळ झाला, की पुस्तक पुरे होताच १९१० साली अंथरुणास खिळला. १९१४ साली ‘चान्स’ या कादंबरीने अखेर त्यास लोकप्रियता व पैसा मिळवून दिला. त्याच उन्हाळ्यात तो बायकामुलांस आपले बालपणीचे क्राकोव्ह दाखविण्यास गेला, आणि तेथे असतानाच महायुद्ध पेटले. ब्रिटिश नागरिक म्हणून तो आता शत्रूच्या मुलखात सापडला होता. मोठ्या प्रयासाने व्हिएन्ना व इटलीमार्गे तो नोव्हेंबरात घरी परतला. १९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला, आणि ज्या स्वप्नासाठी पित्याने प्राण वेचले ते पाहण्याचे भाग्य पुत्रास लाभले.

आयुष्याच्या अखेरीस कीर्ती दारी चालून आली. १९२३ साली अमेरिकेत त्याचे मोठे स्वागत झाले. अनेक विद्यापीठांनी देऊ केलेल्या सन्माननीय पदव्या त्याने नाकारल्या, आणि मे १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताबही नम्रपणे परत केला. ३ ऑगस्ट १९२४ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, केंट परगण्यातील बिशप्सबोर्न या खेड्यातील घरी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. कँटरबरी येथील कॅथलिक दफनभूमीत त्यास मूठमाती देण्यात आली. थडग्यावरील शिळेवर त्याचे इंग्रजी व पोलिश नाव एकत्र कोरलेले आहे. पाथरवटाने त्यात अक्षरांची चूक केली आहे खरी, तथापि पोलिश आडनाव तेथे शेवटपर्यंत टिकले आहे.

विद्यार्थिमित्रहो, कॉन्रॅडने देश बदलला, भाषा बदलली, धंदाही बदलला. परंतु बालपणी हद्दपारीत पाहिलेली निष्ठा त्याने सोडली नाही. वादळात सुकाणू न सोडणारा खलाशी, आणि सोडून पळालेल्याची जन्मभराची तळमळ, हाच त्याच्या साऱ्या लेखनाचा आत्मा होय. आपणही या शाळेत एक परकी भाषा शिकत आहोत. उद्या आपल्यापैकी कित्येकजण पोटासाठी वा विद्येसाठी दूरदेशी जातील, आणि आपली मुले परकी होतील काय, ही धास्ती आईबापांच्या मनात राहील. त्यांनी हे चरित्र वाचावे. परकी भाषा मनुष्यास आपल्या माणसांपासून तोडतेच असे नाही. ज्याच्या अंतःकरणात घरच्या माणसांचे ऋण जागे आहे, तो तिसऱ्या भाषेतही त्यांचेच दुःख बोलतो. आणि ज्यांस ती भाषा आज अवघड वाटते, त्यांनी एवढेच आठवावे की, हा थोर ग्रंथकार वीस वर्षांचा असताना तुमच्याहूनही कमी इंग्रजी जाणत होता.